पुळ्याला जा, पण रत्नागिरी बघून जा

दर मे महिन्यात आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि चपला काढायच्या आधी विचारतात, गणपतीपुळे किती लांब? अरे बाबांनो पंचवीस किलोमीटरवर आहे, कुठे पळून जात नाही, आधी चहा तरी घ्या. लोकांना रत्नागिरी म्हणजे पुळ्याच्या वाटेवरचा थांबा वाटतो याचा मला जाम राग येतो, म्हणून यावेळी मामेभावाला दम दिला की पहिला दिवस माझा.

सकाळी रत्नदुर्गावर गेलो. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. किल्ल्याच्या एका बाजूला काळा समुद्र, दुसरीकडे पांढरा समुद्र, वाळूच्या रंगावरनं पडलेली नावं आहेत ही. उतरताना टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर. सावरकर इथे स्थानबद्ध होते तेव्हा, 1931 साली भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशानं हे सगळ्या जातींना खुलं असलेलं देऊळ बांधलं. भाऊ म्हणाला, एवढंसंच आहे की! आता त्याला काय बोलणार.

दुपारी थिबा पॅलेस, माझी सगळ्यात आवडती जागा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, हा राजवाडा तयार झाला 1910 ला आणि 1916 ला राजा गेला सुद्धा, म्हणजे चोवीस वर्षं वाट बघून जेमतेम सहा वर्षं राहिला बिचारा. लाकडी जिने, वर अर्धगोल खिडक्या, आता आत म्युझियम आहे. तिथनं जवळच थिबा पॉइंट, खाली काजळी नदी समुद्राला मिळते, भाट्याचा पूल दिसतो, सूर्य बुडेपर्यंत आम्ही हललो नाही. मग मांडवीच्या जेटीवर भेळ, आणि घरी आल्यावर आईचं बांगड्याचं तिखलं.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं पुळ्याला. घाट उतरताना एका वळणावर अख्खा किनारा एकदम समोर येतो तिथे सगळेच गाड्या थांबवतात, आम्हीही. ओहोटी होती म्हणून भावाने बूट वाळूत काढून ठेवले आणि लांब चालत गेला, गप्पांच्या नादात भरती लागलेली कळलीच नाही, परत येतो तर एकच बूट! दुसरा कुठे गेला असेल देव जाणे. (आणि तिथे पोहायला उतरू नका प्लीज, पाणी ओढतं.) पुळ्याला सगळे अनवाणीच असतात त्यामुळे तिथे चाललं, डोंगराची प्रदक्षिणा पण झाली, फक्त दुपारी बाराला पायवाट तापलेली असते तेव्हा करू नका.

जेवून पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आणि मग जयगड. किल्ल्यापेक्षा मला कऱ्हाटेश्वराचं देऊळ जास्त आवडतं, पायऱ्या उतरून खाली गेलं की लाटांच्या शेजारी गोमुखातनं गोडं पाणी पडतंय. हातात वेळ असला तर जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरा, तिकडनं हेदवी-वेळणेश्वर जवळ. आम्हाला जमलं नाही, भाऊ वीस रुपयांच्या स्लीपरमध्ये फटक फटक करत हिंडत होता आणि त्याची एकच भुणभुण, बाटाचं दुकान किती वाजता बंद होतं.