उन्हाळ्यात अन्न वाया जातं ते नेमकं कधी

एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेत पारा चाळिशीजवळ जातो आणि सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत आंबते. ती ओतताना आपण उन्हाळ्याला दोष देतो. पण बहुतेक घरांत अन्न हातचं जातं ते दोन वेळी: भाजी घरी आणल्यावरच्या पहिल्या तासात, नाहीतर स्वयंपाक झाल्यावरच्या दोन तासांत. ‘पानात टाकू नये’ हे सगळ्यांना लहानपणीच शिकवलेलं असतं, या दोन वेळांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वर्षाला माणशी ५५ किलो अन्न टाकलं जातं, असा अंदाज आहे. त्यात साली, देठ, कोयीही धरलेल्या आहेत. आपल्या घरचा हिशोब हवा असेल तर आठवडाभर दोन डबे ठेवा. एकात सालपटं, दुसऱ्यात खाण्याजोगं असूनही टाकलेलं. दुसरा डबा रोज वजन करून रिकामा करायचा आणि काय होतं ते कॅलेंडरवर लिहायचं. कुठली भाजी जास्त आणली जाते आणि कुठल्या वेळचा भात उरतो, ते त्यावरून लगेच कळतं.

आता भाजी. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात काय किंवा आठवडे बाजारात काय, पालेभाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर सारखं पाणी मारतात. ती ओली जुडी पिशवीसकट फ्रीजमध्ये गेली की दोन दिवसांत काळी पडते, कारण पानांवर साचलेल्या पाण्यात सड लवकर धरते. म्हणून आल्याबरोबर जुडी सोडायची, पिवळी आणि चिरडलेली पानं काढायची, पंख्याखाली अर्धा तास पसरायची आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. धुवायची ती चिरण्याआधी. पिकलेले टोमॅटो, केळी, चिकू जवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे शेजारची पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते.

सर्वांत जास्त काळजी भाताची घ्यायला हवी. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. डोळ्यांच्या अंदाजावर न जाता माणशी अर्धी वाटी तांदूळ मोजून घेतला तरी उरणं बरंच कमी होतं. उरलाच तर कुकरच्या डब्यात झाकून ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष नष्ट होत नाही. भात परातीत पातळ पसरायचा, वाफ गेली की तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी एकदाच कडक गरम करून संपवायचा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकण्याचं वाईट वाटतं, तरी तो टाकावाच. जुलाब-उलट्या झेलून वाचवलेल्या अन्नाला बचत म्हणता येत नाही.

आमटी-रश्श्याचं मोठं पातेलं आतून तासन् तास गरम राहतं. ते दोन-तीन लहान भांड्यांत ओतून, भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवली की लवकर निवतं. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. दार बंद असेल तर आतला थंडावा सुमारे चार तास टिकतो. चपात्या-भाकऱ्यांची वाफ जाऊ द्यायची, मगच डबा बंद करायचा. एका चपातीवर बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही, तिचे तंतू आत गेलेले असतात. शिळी पण कोरडी भाकरी मात्र ताकात कुस्करून, वर लसणाची फोडणी घालून उत्तम लागते.

सालींमध्ये माझं मत दोडक्याच्या शिरांना. आधी दोडक्याचा कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळाच टाका, कडवटपणा शिजवून जात नाही. दोन दोडक्यांच्या शिरा बारीक चिरून, दोन चमचे तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. शेवटच्या दोन मिनिटांत ठेचलेला लसूण आणि दोन चमचे तीळ घालायचे. आधी घातले तर करपतात. तिखट-मीठ गॅस बंद केल्यावर घालायचं, कारण आधी घातलेल्या मिठाने पाणी सुटून शिरा मऊ पडतात.

एवढं करूनही उरतं त्याचं खत. तळाला भोकं पाडलेली वीस लिटरची बादली घ्या. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट कोरडा पाला लागतो. आपल्याकडे उसाचं पाचट मुबलक आहे, ते फडात पेटवण्यापेक्षा बोटभर तुकडे करून इथे वापरावं. विरजण म्हणून जुनं खत किंवा शेण मूठभर. आठवड्यातून दोनदा हलवायचं. घाण वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी, पाचट वाढवा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं झालंय, पाणी शिंपडा. तेलकट, खारट उष्टं त्यात नको. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. चाळून एक भाग खत आणि तीन भाग माती असं कुंडीला घालायचं.