कुत्र्याचा घरचा खाऊ: नाचणी, भोपळा, चिकन आणि वजनकाटा

घरी केलेला खाऊ बिघडतो तो साधारण चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी बिस्किटं छान होतात, कुत्रा मिटक्या मारत खातो, बरणी भरून ओट्यावर ठेवली जाते. मग एके सकाळी झाकण उघडावं तर आंबूस वास, आणि तळाच्या बिस्किटांवर पांढरी लव. कृतीत काही चुकलेलं नसतं, बिस्किटात पाणी राहिलेलं असतं. घरच्या खाऊत संरक्षक घटक नसतो, मीठ-साखर तर नसतेच नसते. त्यामुळे टिकवण्याचे मार्ग दोनच: पाणी काढून टाका, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी निघालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, काट्यावर कळतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरे.

आधी किती द्यायचं ते. दिवसभराच्या खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असाव्यात, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम. नसबंदी झालेल्या, बेताचा व्यायाम असलेल्या प्रौढ कुत्र्याचं गणित असं पडतं: १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी, म्हणजे खाऊला ६०. १८ किलोच्या इंडीला (आपला देशी कुत्रा) साधारण ९८०, खाऊला ९५ ते १००. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला खाऊचे १४० च्या आसपास. मध्यम आकाराच्या एका पोळीतच १०० च्या आसपास कॅलरी असतात. आजी चहाबरोबर अर्धी पोळी देतात, मुलं डब्यातला उरलेला तुकडा देतात, आणि वर आपण ट्रेनिंगचा खाऊ देतो. यावर चांगला तोडगा म्हणजे सकाळीच दिवसभराचा खाऊ मोजून एका छोट्या डब्यात काढायचा. घरातल्या कुणीही द्यावा, पण त्याच डब्यातून. डबा संपला की दिवस संपला.

नाचणी-भोपळ्याची बिस्किटं

नाचणीचं पीठ १८० ग्रॅम, ओट्स मिक्सरमधून काढून केलेलं पीठ ६० ग्रॅम, लाल भोपळ्याचा गर १२० ग्रॅम, पाणी ३० मिली, एक अंडं, एक चमचा (५ मिली) खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल. मीठ, गूळ, दूध पावडर, बेकिंग सोडा यातलं काहीही नाही. बिस्किट फुगायची गरजच नाही, आणि सोड्यातून नको तेवढं सोडियम जातं.

भोपळा वाफवून घ्या, पाण्यात उकडू नका. उकडला की तो पाणी पितो आणि पुढचं सगळं माप चुकतं. वाफवून, कुस्करून, कढईत तीन-चार मिनिटं परतला की गर घट्ट होतो. मग वजन करा.

नाचणीत ग्लुटेन नाही. म्हणून नुसती कणकेसारखी मळली तर लाटताना कडा फाटतात आणि भाजल्यावर भुगा होतो. बरेच जण इथे निम्मी कणीक घालतात. गहू सोसणाऱ्या कुत्र्याला ते चालतंच, पण त्याहून चांगली युक्ती आपल्याच स्वयंपाकघरात आहे: उकड काढा. भोपळ्याचा गर आणि पाणी पातेल्यात उकळायला लागलं की निम्मी नाचणी, म्हणजे ९० ग्रॅम, त्यात घाला, लाकडी चमच्याने हलवा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्यात नाचणीतला स्टार्च फुलतो आणि ग्लुटेनचं काम करतो. तांदळाच्या भाकरीला उकड काढतो ती याचसाठी. उकड हाताला सोसेल इतकी निवली की मगच अंडं घाला. गरम उकडीत अंडं घातलं तर ते तिथेच शिजतं आणि बांधून ठेवायचं त्याचं काम होत नाही. उरलेली नाचणी, ओट्स आणि तेल घालून मळा, १५ मिनिटं झाकून ठेवा. सुरुवातीला गोळा चिकट वाटेल, ओट्स तेवढ्या वेळात पाणी ओढून घेतात. लगेच वर पीठ घालत गेलात तर बिस्किटं दगडासारखी होतील.

बेकिंग पेपरवर लाटा. जाडी ५ मिलीमीटर, आणि सगळीकडे सारखी. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी आपोआप सारखी येते. सुरीने २ सेंटिमीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येकाला काट्याने टोचा, वाफ बाहेर पडायला वाट हवी. टोचलं नाही तर मधे पोकळ फुगा येतो आणि त्या फुग्याच्या आत ओल अडकून राहते.

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मधल्या कप्प्यात १६० अंशांवर २५ मिनिटं, मग उलटून १५ मिनिटं. यानंतर १०० अंशांवर ४५ मिनिटं ते एक तास. बिस्किट टिकतं ते या शेवटच्या तासाच्या जोरावर, आणि नेमका तोच लोक गाळतात. मैद्याचं बिस्किट रंगावरून कळतं, नाचणी मुळातच तपकिरी असते, त्यामुळे झालं की करपलं हे रंगावरून कळत नाही. म्हणून काटा. या मापाने गोळा साधारण ४४५ ग्रॅम भरतो. नीट वाळलेली सगळी बिस्किटं मिळून २७० ते २८० ग्रॅम भरली पाहिजेत. ३२० भरली तर वरून कितीही कडक लागोत, आत पाणी आहे. परत आत घाला.

पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेच्या आत दव दिसलं किंवा बिस्किट मोडताना कट्‌ असा आवाज न येता ते वाकलं, तर १०० अंशांवर आणखी अर्धा तास.

एवढ्यात १८० ते १९० तुकडे होतात आणि एकूण कॅलरी ९५० च्या आसपास, म्हणजे तुकड्याला ५. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला बारा तुकडे, दुसरं काही दिलं नसेल तर.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाळीवर ताटली ठेवून, झाकण घालून मंद आचेवर भाजता येतं, नानकटाईसारखं. पण झाकणाखाली वाफ कोंडते आणि बिस्किट मऊच राहतं. असा खाऊ फ्रिजमध्ये चार दिवस, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये.

वाळवलेलं चिकन

याची कृती सगळ्यात सोपी आणि धोका सगळ्यात मोठा, म्हणून थोडं सविस्तर. एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेकडे, २००७ पासून चिकन जर्की (चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या) खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या हजारो तक्रारी आल्या. खाऊ बहुतेक चीनमधून आयात केलेला होता, मूत्रपिंडाचे विकार नोंदले गेले, हजाराहून जास्त कुत्र्यांचे मृत्यूही नोंदले गेले, आणि वर्षानुवर्षं तपास करूनही एक नेमकं कारण निश्चित झालं नाही. तेव्हापासून अनेकजण घरी चिकन वाळवायला लागले. योग्यच केलं, पण कच्चं चिकन सरळ डिहायड्रेटरमध्ये (गरम हवेने अन्न वाळवणाऱ्या यंत्रात) घालू नये.

६०-७० अंशांच्या हवेत कच्चं मांस तापायला फार वेळ लागतो. पाणी उडत असतं तोवर मांस हवेपेक्षा गारच राहतं, आणि तेवढ्या वेळात वरचा थर कोरडा होतो. कोरड्यात साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. म्हणून आधी ओल्या उष्णतेने मारा, मग वाळवा.

बिनहाडाचं, बिनकातडीचं ब्रेस्ट ५०० ग्रॅम. पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा, अर्धवट गोठलं की सुरी सरळ चालते. दिसणारी चरबी काढून टाका. चरबी वाळत नाही, ती खवट होते. ५ मिलीमीटरच्या पट्ट्या कापा: धाग्याच्या दिशेने कापल्या तर चिवट, चघळायला वेळ लागणाऱ्या; धाग्याला आडव्या कापल्या तर चुरचुरीत, म्हाताऱ्या कुत्र्याला सोप्या. मोदकपात्रात ८ ते १० मिनिटं वाफवा. सगळ्यात जाड पट्टीच्या मध्यभागी ७४ अंश तापमान आलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर जाड पट्टी कापून बघा, आत गुलाबी छटा नको. पट्ट्या फडक्यावर टिपा, जाळीवर एकमेकींना न चिकटता मांडा, ७० ते ७५ अंशांवर ५ ते ६ तास. घाईने १२० वर ठेवलंत तर बाहेरून चामडं होतं आणि ओल आत अडकते. बाहेरून एकदम तयार दिसणारी पट्टी मोडली की आत चकचकीत ओला पट्टा दिसतो.

५०० ग्रॅमचे १४० ते १५० ग्रॅम उरले की झालं. एका ग्रॅमला ४ कॅलरी धरा. तरीही हे ओट्यावर ठेवू नये: फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीजरमध्ये दोन महिने.

गच्चीवर उन्हात मांस वाळवू नका. वैशाखाच्या उन्हातही मांस ४०-४५ अंशांपर्यंतच तापतं, जंतूंची वाढ तिथे जोरात होते, आणि माश्या वेगळ्याच.

कलेजी वड्या

ट्रेनिंगला याच्याइतकं कामाचं काही नाही. चिकनची कलेजी २५० ग्रॅम, एक अंडं, ओट्सचं पीठ १०० ग्रॅम मिक्सरमधून काढा, तेलाचा हात लावलेल्या ढोकळ्याच्या थाळीत १ सेंटिमीटर जाड ओता, २० मिनिटं वाफवा. गार झाल्यावर सेंटिमीटरचे चौकोन कापा, प्रत्येकी सुमारे २ कॅलरी. ताटलीत सुटे पसरून आधी गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे ढेकूळ होत नाही. फ्रिजमध्ये तीनच दिवस टिकतात. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठतं, म्हणून हा रोजचा खाऊ करू नका. आठवड्यातून दोन-तीनदा, मोजके तुकडे.

रताळ्याचं वाळवण

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया-पापड पडतातच, त्यांच्या शेजारी एक साडी रताळ्याला द्या. लांबीच्या दिशेने ६ मिलीमीटरचे काप, ५ मिनिटं वाफवून, मग दोन-तीन दिवस कडक ऊन. संध्याकाळी घरात घ्या, रात्रीच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतं. एक किलोचे २६० ते २७० ग्रॅम होतात. काप वाकावा पण ओला लागू नये. नख दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, ज्यात नख रुतत नाही त्याने दात तुटतो. हावरटासारखं गिळणाऱ्या कुत्र्याला लांब काप देऊन दुसरं टोक हातात धरा. कुत्र्याला ऑक्झलेटचे मूतखडे झाले असतील, तर नाचणी आणि रताळं दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

सुक्या मासळीबद्दल थोडक्यात: खारवलेली अजिबात नको. बिनमिठाचे बोंबील असले तरी दोनदा पाणी बदलून अर्धा तास भिजवा, रेती निघून जाते, मग ओव्हनमध्ये पुन्हा वाळवा.

काय कधीच घालायचं नाही

कांदा आणि लसूण. कच्चे, शिजवलेले, पावडर, कुठल्याच रूपात नाही. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्याने ती जात नाहीत. रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तरी चालत नाही, कारण कांदा रसात उतरलेला असतो. बाजारच्या सूप क्यूबमध्येही कांद्याची पावडर असते.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. यामागे टार्टरिक आम्ल असावं असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी मांडलं. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंचही यादीत धरा. दिवाळीत चिवड्यातले बेदाणे जमिनीवर सांडतात, तेव्हा तिकडे लक्ष असू द्या.

पीनट बटर घालणार असाल तर बरणीमागचं लेबल पूर्ण वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचीच दुसरी नावं, बर्च शुगर आणि ई ९६७, यांपैकी काहीही दिसलं तर ती बरणी कुत्र्याच्या खाऊला नाही. झायलिटॉलने कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम सुटतं आणि अर्ध्या-एक तासात साखर धोकादायक खाली येऊ शकते. चुकून खाल्लंच, तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या. चॉकलेट, जायफळ आणि कच्चं यीस्टचं पीठही नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईत आणि कोकणात कोरडं बिस्किट उघड्यावर एका रात्रीत मऊ पडतं. या चार महिन्यांत एका वेळी निम्मंच माप करा. आठवड्याला लागेल एवढंच छोट्या बरणीत बाहेर ठेवा, बाकी फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधली पिशवी काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार बिस्किटांवर हवेतलं पाणी बसतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

एका बिस्किटावर बुरशी दिसली तर पूर्ण बरणी टाका. खरवडून देऊ नका, उन्हात ठेवून पुन्हा भाजू नका. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजल्याने जात नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार हळवं असतं. शेंगदाण्याचा कूट वापरत असाल तर जुनाट, खवट वासाचे दाणे याच कारणाने बाजूला काढा. आणि टाकलेला खाऊ गेटबाहेरच्या कुत्र्यांना घालू नका, यकृत त्यांनाही तेवढंच हळवं आहे.

कुठलाही नवा खाऊ पहिल्या दिवशी एकच तुकडा द्या आणि दोन दिवस शी बघा. पातळ झाली, अंगाला किंवा कानाला खाज सुटली, तर थांबा. एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू केला असेल तरच कशाने झालं ते कळतं. म्हणून पहिल्या खेपेला नुसतं रताळं किंवा नुसतं चिकन, आणि बिस्किटं त्यानंतरच्या आठवड्यात.