नवेगावबांधकडं चार दिवस, चिलटांच्या तावडीत

दिवाळीनंतर बायकोच्या मामाकडं चार दिवस राहून आलो, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या जवळच छोटंसं गाव आहे. नागपूरहून साकोलीपर्यंत हायवे मस्त, पुढचा रस्ता अरुंद पण काही प्रॉब्लेम नाही. ट्रेननं यायचं तर गोंदिया-बल्लारशा लाईनवर अर्जुनीला उतरा. धान कापणी सुरू होती, गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला बरं का, आमच्या मामाचा नाही) भरलेला, सगळं झकास.

पहिल्याच दिवशी सांजच्याला हाफपँट घालून गोठ्याजवळच्या छपरीत चहा घेत बसलो. ना भुणभुण, ना काही, अन पाय मात्र चटके बसल्यासारखे जळून राह्यले. निरखून पाहिलं तर तिळाहून बारीक काळे ठिपके! मामी हसून म्हणाल्या, "जावई, ढोरायच्या जवळ कायले बसता जी, तिथं चिलटायचाच बाजार असते."

आमची चूक ही की सगळी तयारी डासांची केली होती. मच्छरदाणी नेली, पण हे चिलट एक ते तीन मिलिमीटरचं, साध्या जाळीतून सरळ आत येतं. सकाळी पोराच्या अंगावर गोवर निघाल्यासारखे लाल ठिपके, अन डासाच्या चाव्यापेक्षा याची खाज कितीतरी जास्त, दोन-चार दिवस जात नाही. चावते ती मादीच, अंडी घालायला रक्त लागतं म्हणून, आणि अंडी ओल्या चिखलात, शेणात, कुजक्या पाल्यात, म्हणजे गोठा अन धानाची ओली बांदी (बांध घातलेलं शेत) म्हणजे त्यांचं माहेरच.

मग काय कामी आलं? टेबलफॅन! चिलटाला उडायचा दमच नसतो, जरा वारा लागला की ते टिकत नाही. खाटेच्या पायाशी फॅन लावला अन दुसरी रात्र सुखात गेली. तिसऱ्या रात्री लाईट गेली, मग मामांनी गोवरीवर निंबाचा पाला टाकून अंगणात धूर केला, चिलटं किती पळाली देव जाणे, पोट्टे मात्र खोकत पळाले. लहान मुलं असतील तर बंद खोलीत हा उद्योग करूच नका.

बाकी, फुल बाह्या, फिकट रंगाची पँट, पायात मोजे, अन उघड्या जागी ओडोमॉस, पण तेही दर दोन-तीन तासांनी परत लावायचं, आम्ही एकदाच लावून निवांत बसलो अन भोगलं. बारीक छिद्राची जाळी मिळाली तर नागपूरहूनच घेऊन जा, मात्र तिच्यात गरम होतं. खाजेवर लावायचं कॅलामाइन लोशन बॅगेत ठेवा, पोरांची नखं कापूनच न्या, आमच्या पोरानं खाजवून खाजवून एक चावा पिकवला अन परत आल्यावर डॉक्टरकडं जावं लागलं.

खरी पंचाईत पक्षी बघणाऱ्यांची, कारण पक्ष्यांची वेळ पहाट अन संध्याकाळ, अन चिलटांचीही तीच. आम्ही शेवटी काठावरच्या झुडपांत बसायचं सोडलं अन तलावाच्या पाळीवर, वारा लागेल अशा उघड्या जागी उभे राह्यलो, तिथं एक तास एकही चावलं नाही.

निघताना मामी म्हणाल्या, "संक्रांतीले या जी, थंडीत चिलटं कमी असतेत, अन तुरीच्या शेंगाही भेटतीन." बायकोनं तिथंच तारीख ठरवली, मी मात्र टेबलफॅन डिकीत टाकूनच निघणार.