क्रोम १०९ वर अडकलेली माणसं

"तुमचा ब्राउझर अपडेट करा" अशी पट्टी दिसली की मला हसूच येतं, कारण अपडेट करायचा म्हणजे समोरच्याने नेमकं काय करायचं, ते पट्टी लावणाऱ्याने कधी बघितलेलंच नसतं.

वागळे इस्टेटला ओळखीच्या एका काकांचं वर्कशॉप आहे. तिथला पीसी विंडोज ७ चा, आणि तो बदलायचा नाही, कारण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि ते देणारा माणूस धंदा बंद करून कधीच गेला. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, जानेवारी २०२३ मधलं व्हर्जन ते. "अरे, अपडेट करायला गेलं की विंडोज १० मागतो," काका म्हणाले. आणि ज्या कस्टमरला बिलं टाकायची त्याचं पोर्टल लॉगिननंतर पांढरंफटक.

कन्सोल, म्हणजे ब्राउझरची एरर दाखवणारी खिडकी, उघडला तर टूसॉर्टेड नावाचं, यादी क्रमाने लावून तिची नवी कॉपी देणारं जावास्क्रिप्टचं फंक्शनच सापडत नव्हतं, जे क्रोम ११० मध्ये आलंय. एका व्हर्जनने हुकलं बघा! ॲरेची, म्हणजे त्या यादीची, कॉपी काढून साधं सॉर्ट मारलं असतं तरी भागलं असतं, किंवा पॉलिफिल टाकायचा, म्हणजे ब्राउझरमध्ये नसलेलं फंक्शन पुरवणारा छोटा कोड. काकांना फायरफॉक्स ११५ चं ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) टाकून दिलं, ते विंडोज ७ वर चालतं आणि त्यात हे फंक्शन आहे, त्यामुळे बिलं गेली एकदाची.

सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडचं, बरं असतं, न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो, पान जरा वाकडंतिकडं दिसतं पण उघडतं तरी. जावास्क्रिप्टला तेवढी दयामाया नाही. फंक्शन नसेल तर पॉलिफिल चालतो, पण सिंटॅक्सच, म्हणजे कोड लिहायची पद्धतच, नवा असेल तर अख्खी फाइल वाचतानाच फेल, तिथे पॉलिफिल काय करणार, बिल्डमध्येच, म्हणजे साइट तयार करतानाच, बेबल नावाच्या टूलने जुन्या रूपात उतरवावं लागतं. त्यात नोड मॉड्यूल्समधलं, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडच्या फोल्डरमधलं, कोणाचं तरी पॅकेज बेबलमधून जातच नाही बऱ्याच सेटअपमध्ये, म्हणजे आपला कोड साधा आणि बॉम्ब दुसऱ्याचाच.

महापेला आमच्याकडे मीटिंगमध्ये हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "ॲनालिटिक्समध्ये असे युजर दिसतच नाहीत." अहो, ॲनालिटिक्सचा, म्हणजे साइटवर येणारे मोजण्याचा, कोड त्याच बंडलमध्ये, साइटच्या एकत्र बांधलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, आहे, बंडल चाललंच नाही तर ते दिसणार कसे? ब्राउझर्सलिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या ब्राउझरसाठी कोड उतरवायचा त्या यादीत, क्रोम १०९ ची एक ओळ टाका आणि एरर पकडणारी चिमुकली स्क्रिप्ट बंडलच्या बाहेर ठेवा, मग मोजू.