घोडा आणायला गेले आणि

सकाळी निघताना वाटलं होतं, आज घोडा पक्का करूनच परतायचं. पण शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी आधी माझीच परीक्षा घेतली. चरायला जागा किती, सोबतीला दुसरा घोडा आहे का, पाय दुखावला तर खर्च झेपेल का... आणि करार: विकायचा नाही, शर्यतीत उतरवायचा नाही, नाही जमलं तर संस्थेकडेच परत. मुलीसाठी स्थळ बघतानाही इतक्या चौकशा होत नसतील! खरं सांगते, जरा रागच आला.

मग तो दिसला. ६ वर्षांचा, तपकिरी, पुढच्या डाव्या पायाची शीर (टेंडन) मागून जाड झालेली. हे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, २ वर्षांचे असतानाच धावायला लागतात, ५-६व्या वर्षी अनेकांचं काम संपतं, पण जगतात २५ वर्षांच्या पुढे. उरलेल्या वर्षांचं काय, हा विचार मी तरी कधी केला नव्हता.

खरारा करताना मानेशी हात पोचला तसा त्याचा खालचा ओठ लोंबायला लागला. तेवढ्यात कुठेतरी पत्रा वाजला आणि तो ताठ. मी दोरी गच्च आवळली. "सैल सोडा," बाई म्हणाल्या. शर्यतीत लगाम ताणला की हे त्यावर रेलून आणखी जोरात पळतात म्हणे; आवळणं म्हणजे थांबणं, हे त्यांना नव्याने शिकवावं लागतं. मी सैल सोडली. त्याने फुरफुर करून मान खाली घातली.

रिकाम्या हाताने परत आले. आमच्या कुंपणाला काटेरी तार आहे, ती निघाल्याशिवाय घोडा मिळणार नाही. कुणाकडे चांगली पक्कड आहे का?