नळ फुटतो तो सांध्यावर

पाणीपुरवठ्याच्या कामात हयात घालवलेल्या माणसाला रस्ता वरून कमी आणि खालून जास्त दिसतो. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या कोरे गल्लीतून चालताना आजही माझे लक्ष घरांकडे जात नाही. डांबराखालून सहा इंची बिडाचा नळ कोणत्या अंगाने जातो, गटाराला तो कुठे ओलांडतो आणि त्याचा कोणता सांधा पावसाळ्यात गळतो, हेच मनात येते. त्यामुळे २०२२च्या उन्हाळ्यात लेकीकडे स्कॉटलंडला गेलो आणि तिच्या खिडकीखालचा रस्ता आडवा-उभा खोदलेला पाहिला, तेव्हा मला परमुलखात आल्यासारखे वाटलेच नाही. लेक एडिंबरा शहराच्या लीथ भागात, लीथ वॉक नावाच्या रुंद रस्त्यावरील चार मजली दगडी इमारतीत राहते. त्या रस्त्यावरून ट्रामचा मार्ग बंदराकडे वाढवण्याचे काम तेव्हा चालू होते. दोन महिने मी ते रोज जाऊन पाहिले. २०२४मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा विमानतळावर ट्राममध्ये बसलो आणि कुठेही न उतरता तिच्या घराजवळ पोहोचलो.

मी कामाला लागलो तेव्हा ज्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो, ते नेहमी सांगत, "नळ मधे फुटत नाही बाबा, सांध्यावर फुटतो." त्या काळी बिडाच्या नळाचा सांधा करताना एका नळाचे टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवून मधल्या फटीत तागाचा दोर ठोकून भरायचा आणि त्यावर वितळलेले शिसे ओतायचे. शिसे एका दमात ओतावे लागे. मधे हात थांबला, की थर पडे आणि पुढे कधीतरी तिथूनच पाणी झिरपू लागे. लीथचे काम पाहताना मला हे सारखे आठवत होते, कारण चालू मार्गाला नवा तुकडा जोडणे हे मुळात सांध्याचे काम आहे. मोकळ्या जागेत रूळ टाकणे तितकेसे अवघड नसते. नवे रूळ जिथे जुन्या शहराला, जुन्या नळांना आणि जुन्या वेळापत्रकाला भेटतात, तिथे सगळी कसोटी लागते.

या शहराने ती कसोटी आधी एकदा फार महागात अनुभवली होती. २००३ साली ट्रामसाठी ३७.५ कोटी पौंडांचा अंदाज होता आणि पुढे विमानतळापासून थेट न्यूहेवन बंदरापर्यंतचा मार्ग एकाच टप्प्यात बांधायचे ठरले. प्रत्यक्षात ३१ मे २०१४ रोजी ट्राम धावली, ती विमानतळापासून शहराच्या मध्यातील यॉर्क प्लेसपर्यंतच, म्हणजे १४ किलोमीटर. आणि खर्च झाला ७७.६ कोटी पौंड. पाऊण मार्ग आणि दुप्पट पैसा. त्यामागच्या कारणांची चौकशी न्यायमूर्ती लॉर्ड हार्डी यांच्याकडे सोपवली गेली आणि तिचा अहवाल सप्टेंबर २०२३मध्ये आला. त्यात महापालिकेने या कामासाठी स्थापन केलेल्या कंपनीवर, खुद्द महापालिकेवर आणि स्कॉटलंडच्या मंत्र्यांवर ठपका ठेवला आहे. करारनामे, वाद, २०११मधील मध्यस्थी हे सगळे त्या कहाणीत आहेच. पण माझ्यासारख्याच्या नजरेला त्यातली एक गोष्ट प्रथम खुपते. रुळांच्या वाटेतील पाण्याचे, गॅसचे आणि सांडपाण्याचे नळ व तारा बाजूला सरकवण्याचे काम एका कंत्राटात होते आणि रूळ टाकण्याचे दुसऱ्या. पहिले काम रेंगाळले, ते संपण्याआधीच दुसरे सुरू झाले, आणि जमिनीखाली काय आहे याचे नकाशे जमिनीशी जुळेनात.

नकाशा जमिनीशी जुळत नाही म्हणजे काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या भागात एक चर खोदायचा होता. मला मिळालेल्या कागदावर मुख्य नळ रस्त्याच्या डाव्या अंगाला दाखवला होता, म्हणून मी उजव्या अंगाला खोदायला सांगितले. तिसऱ्या फुटावर पहार नळाला लागली आणि पाण्याचा फवारा समोरच्या कापडाच्या दुकानात शिरला. चार दिवस अर्ध्या शहापूरला पाणी नव्हते. त्या दुकानदारांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. ओले तागे ते मुकाट्याने वाळत घालत राहिले. त्या दिवसापासून आधी हाताने चाचणीचा खड्डा घेऊन नळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठेही चर खोदू दिला नाही.

म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात एडिंबराने काय बदलले, हे मला पोटतिडकीने सांगावेसे वाटते. मार्च २०१९मध्ये महापालिकेने न्यूहेवनपर्यंतच्या वाढीव मार्गाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काम सुरू झाले. लांबी ४.६९ किलोमीटर, नवे थांबे आठ, खर्च २०.७ कोटी पौंड, म्हणजे आपल्या दोन हजार कोटी रुपयांहून अधिक. या वेळी नियम असा केला, की रस्त्याचा एक तुकडा हाती घ्यायचा तो एकदाच. तो वाहनांना बंद करायचा, ट्रामच्या वाटेत येणारे सगळे नळ आणि तारा हलवायच्या, त्याच बंदोबस्तात काँक्रीट ओतायचे, रूळ बसवायचे, पदपथ करायचा आणि मगच तो मोकळा करायचा. रहदारीला त्रास झाला, करोनाने काम काही काळ थांबवले. पण ७ जून २०२३ रोजी मार्ग सुरू झाला आणि खर्च ठरलेल्या मर्यादेत राहिला.

मी कुंपणाच्या जाळीशी उभा राहून पाहत असे. रुळाचा माथा आपल्या रेल्वेसारखा साधा नसतो. त्यात चाकाच्या कडेसाठी खाच असते, कारण बाकीचा सगळा रूळ रस्त्यात पुरलेला असतो आणि त्यावरून मोटारी आणि माणसे जायची असतात. प्रत्येक रुळाला दोन्ही बाजूंनी आणि तळाशी काळ्या रबराचे जाड आवरण चढवलेले होते. एका संध्याकाळी दोन कामगार गुडघ्यांवर बसून त्या आवरणाची दोन टोके जिथे मिळत होती, तेवढीच जागा पुन्हा पुन्हा पुसून, दाबून, हाताने चाचपून पाहत होते. काँक्रीटची गाडी मागे उभी होती, पण ते उठेनात. ते कशासाठी चालले आहे, हे मला कोणी सांगावे लागले नाही. ट्राम वरच्या तारेतून ७५० व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह घेते आणि तो प्रवाह रुळांतून परत जातो. रूळ जमिनीपासून नीट अलग नसतील, तर त्यातला काही प्रवाह मातीत उतरतो, जवळचा लोखंडी नळ सापडला की त्यातून वाहतो, आणि जिथून तो नळ सोडून बाहेर पडतो तिथले लोखंड हळूहळू खाऊन टाकतो. वरून ट्राम सुरळीत धावत असते आणि खाली पाण्याचा नळ चाळणी होत असतो. दुसऱ्याच्या नळासाठी रूळवाल्यांनी गुडघे टेकलेले पाहून मला फार बरे वाटले.

त्याच मार्गावर कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीट आहे. तिथल्या जुन्या चर्चची दफनभूमी एके काळी आजच्या रस्त्याखालपर्यंत पसरलेली होती, हे ठाऊक असल्यामुळे रुळांच्या आधी पुरातत्त्वज्ञांना उतरवले गेले. त्यांनी साडेतीनशेहून अधिक मध्ययुगीन माणसांचे अवशेष काळजीपूर्वक बाहेर काढले. तेवढा वेळ कामाच्या हिशेबात धरलेला होता.

या मार्गावरची माझ्या सर्वांत जवळची जागा मात्र पिलरिग. लीथ हे पूर्वी एडिंबराचा भाग नव्हते. ते वेगळे शहर होते, त्याची नगरपालिका वेगळी होती आणि हद्द पिलरिगपाशी होती. एडिंबराच्या ट्राम रस्त्याखालच्या फटीतून अखंड फिरणाऱ्या लोखंडी दोराने ओढल्या जात. लीथने १९०५मध्ये विजेच्या ट्राम आणल्या. दोन्हींचे तंत्र वेगळे, म्हणून कोणतीही ट्राम हद्द ओलांडू शकत नसे. सरळ एका रस्त्याने जाणाऱ्या माणसाला पिलरिगला पाऊसवाऱ्यात उतरून पलीकडची ट्राम धरावी लागे. लोक त्याला 'पिलरिगचा गोंधळ' म्हणत. १९२०मध्ये लीथ एडिंबराला जोडले गेले. लीथच्या लोकांचा कौल घेतला होता तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधात २६,८१० मते पडली होती आणि बाजूने ४,३४०. तरीही ते झाले. १९२२मध्ये विजेच्या ट्राम हद्द ओलांडून थेट धावू लागल्या. जुन्या दोराची मोठी लोखंडी चाके पुढे तिथल्या खोदकामात सापडली आणि आता ती रस्त्याकडेला मांडून ठेवली आहेत.

लेकीने मला ही मतांची संख्या सांगितली, तेव्हा मी बराच वेळ त्या चाकांजवळच्या बाकावर बसून राहिलो. सीमाभागातल्या माणसाला कौलाचे आकडे नुसते वाचून पुढे जाता येत नाही. शिवाय मी शहापूरचा. शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. आज जिथून रिक्षावाला न थांबता जातो, तिथे माझ्या आजोबांच्या काळी एक राज्य संपून दुसरे लागत असे. आणि आमच्याकडचा पिलरिगचा गोंधळ अजून संपलेला नाही. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात, आणि कोगनोळीला किंवा शिनोळीला बोचकी, पोरे, म्हातारी माणसे घेऊन लोक उतरतात आणि पलीकडची गाडी शोधत चालू लागतात. राजकारणाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. औषधाला कोल्हापूरला निघालेल्या म्हातारीला तोवर मधेच उतरवू नये, एवढीच माझी मागणी आहे. लीथचा कौल डावलला गेला याचे दुःख तिथली जुनी माणसे आजही बोलून दाखवतात, आणि तीच माणसे त्याच थेट ट्रामने बाजाराला जातात. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे मला तिथे दिसले.

नव्या मार्गाचा प्रत्यक्ष सांधा यॉर्क प्लेसला होता. पहिला टप्पा तिथे अर्धवट थांबवावा लागला, म्हणून तो थांबा तात्पुरताच होता. फेब्रुवारी २०२२मध्ये तो कायमचा बंद केला, ट्राम एक थांबा अलीकडे सेंट अँड्र्यू स्क्वेअरपर्यंतच ठेवल्या आणि जवळच पिकार्डी प्लेसचा नवा थांबा बांधून रूळ पुढे नेले. चालू नळाला जोड देताना आपणही आधी मागची झडप बंद करतो, तसेच हे. नव्या गाड्या घ्याव्या लागल्या नाहीत, कारण पहिल्या वेळी पूर्ण मार्गाच्या हिशेबाने घेतलेल्या २७ ट्राम त्यांच्याकडे होत्याच. एकेक ट्राम जवळजवळ ४३ मीटर लांबीची आहे.

२०२४च्या प्रवासात मी मुद्दाम पुढच्या डब्यात बसलो. रस्त्यावरून जाताना ट्रामचा चालक आगगाडीसारखा सिग्नलवर विसंबून राहत नाही. समोर जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, असा वेग तो ठेवतो. चौकात त्याच्यासाठी लाल-हिरव्याऐवजी पांढऱ्या रेषांचे वेगळे दिवे असतात, म्हणजे मोटारवाल्यांचा घोटाळा होत नाही. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून ट्राम सोबत वाळू बाळगते आणि गरजेप्रमाणे ती चाकापुढे सोडते. सगळे काही उत्तम झाले, असे मी म्हणणार नाही. लीथ वॉकवरची सायकलची वाट खांब आणि कोपरे चुकवत इतकी नागमोडी गेली आहे, की तिथल्या लोकांनी त्यावर योग्यच टीका केली. दुकानदारांचीही वर्षे कठीण गेली. त्यांच्यासाठी माल उतरवण्याच्या ठरावीक जागा केल्या होत्या आणि तिथून माल दुकानापर्यंत पोहोचवायला माणसे होती, तरीही कुंपणापलीकडे गिऱ्हाईक येत नाही, हे दुःख खडे बाजारातले माझे स्नेही ऐकताक्षणी ओळखतील.

बेळगावात ट्राम यावी, असे मी सुचवत नाही. पण रस्ते तर आम्हीही खोदतो, आणि एकच रस्ता पाण्यासाठी, मग सांडपाण्यासाठी, मग तारांसाठी वेगवेगळा खोदतो. २००८मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, तेव्हा त्या भागांतले जाळे संपूर्ण नव्याने टाकले गेले, आणि म्हणूनच ते टिकले, असे माझे मत आहे. उरलेल्या शहरात जुन्याला नवे जोडत जाण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी जुने कुठे आहे ते आधी कळले पाहिजे.

परत आल्यावर मी आमच्या जुन्या व्हॉल्व्हमनच्या घरी गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण शहापूरची एकूण एक झडप त्यांना तोंडपाठ आहे. मी म्हणालो, "मामा, तुम्ही दाखवा, मी वहीत उतरवतो." ते म्हणाले, "चला की साहेब, पण उन्हाच्या आत." तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला आम्ही निघतो. ते काठीने जागा दाखवतात, मी जवळच्या दोन घरांच्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजून लिहितो. कोरे गल्ली आणि कचेरी गल्ली झाली. सराफ गल्लीत दोन झडपा डांबराखाली गेल्या आहेत; मामा म्हणतात त्या जागी आहेत की नाही, ते येत्या रविवारी हाताने खोदून पाहायचे आहे. वही पूर्ण झाली की तिच्या तीन प्रती काढून एक कार्यालयात देणार आहे.