डॅरन स्टीव्हन्स: टेस्ट कॅप नसलेला जगात भारी ऑलराउंडर

डॅरन स्टीव्हन्स हे नाव आपल्या कोल्हापुरात किती जणांनी ऐकलंय कुणास ठाऊक, पण मला गेली बरीच वर्षं या माणसाचा नाद लागलाय आणि आज ते सगळं एकदा नीट लिहून काढायचंच असं ठरवून बसलोय. इंग्लंडकडून एकही मॅच नाही. टेस्ट नाही, वनडे नाही, टी-ट्वेंटी नाही. आणि तरीपण फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवसांच्या मोठ्या मॅचमध्ये, १६,००० च्या वर रन, ५५० च्या वर विकेट, बॉलिंगची सरासरी पंचविसाच्या आत, आणि काउंटीतला शेवटचा सीझन खेळला तेव्हा वय ४६. आपल्याकडं ४६ वर्षांचा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून पोराच्या मॅचला अंपायर म्हणून उभा राहतो, आणि हा गडी त्या वयात नवीन बॉल हातात घेऊन टाकत होता.

काउंटी म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला रणजी आणि आयपीएल सोडून फारसं काही माहीत नसतंय. इंग्लंडमध्ये १८ काउंट्या आहेत, चॅम्पियनशिप १८९० पासून चालू आहे, मॅच चार दिवसांची, एप्रिलच्या थंडीत सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत. पाटाकडील किंवा दिलबहारची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर माणूस आपल्या पेठेसाठी कसा घसा कोरडा करतो, तसं तिकडं काउंटीचं असतंय, फक्त आवाज कमी आणि चहाचे थर्मास जास्त. हल्ली बऱ्याच काउंट्या यूट्यूबवर मॅच फुकट दाखवतात, आपल्याकडं दुपारी साडेतीनला सुरू होतंय, त्यामुळं संध्याकाळपर्यंत एका बाजूला लावून ठेवता येतंय. मी तसंच बघत आलोय.

तर स्टीव्हन्स मूळचा लेस्टरचा, जन्म १९७६ चा. १९९७ मध्ये लेस्टरशायरकडून सुरुवात केली ती बॅट्समन म्हणून. बॉलिंग नावाला, टाकला तर टाकला. सात-आठ वर्षं तिथं खेळला, मोठा मारणारा आणि टॅलेंटवाला, पण सातत्य नाही अशी त्याची ओळख होती. अशी पोरं आपल्या प्रत्येक मैदानावर असतात, शास्त्रीनगरला जावा नाहीतर राजाराम कॉलेजच्या ग्राउंडवर जावा, "लई टॅलेंट आहे पण..." असं ज्यांच्याबद्दल बोललं जातंय ती. आणि तिशी आली की ती गायब होतात, कुणी बँकेत, कुणी एमआयडीसीत, कुणी वडिलांच्या दुकानात.

स्टीव्हन्स २००५ ला केंटमध्ये आला. केंटचं ग्राउंड कँटरबरीला, सेंट लॉरेन्स, तिथं बाउंड्रीच्या आतच एक जुनं लिंडनचं झाड होतं, बॉल झाडाला लागला की चार रन असा नियम होता, आणि नेमकं त्याच वर्षी जानेवारीत ते झाड वादळात मोडलं. मग एक छोटं झाड लावलं. (मला असल्या गोष्टी लई आवडतात म्हणून सांगितलं, विषयाशी तसा संबंध नाही.)

केंटमध्ये येऊन त्यानं जे केलं ते माझ्या मते या सगळ्या करियरचं सार आहे: तिशीच्या आसपास तो खरा बॉलर झाला. म्हणजे ज्या वयात फास्ट बॉलरांची पाठ जाते त्या वयात यानं बॉलिंग मनावर घेतली. आणि स्पीड किती, तर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. आपल्या टेनिस बॉल टुर्नामेंटमधली पोरं यापेक्षा जोरात टाकतात, खोटं नाही. विकेटकीपर स्टंपला चिकटून उभा असायचा. पण ड्यूक्सचा बॉल, म्हणजे इंग्लंडमध्ये वापरतात तो, हातानं शिवलेला, शिवण उठून दिसणारी, आणि तिकडची ओलसर विकेट, ढग आलेले, आणि हा बाबा चौथ्या स्टंपच्या (म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेर) आसपास एकाच जागी टाकत राहणार, टाकत राहणार, एक आत येणार एक बाहेर जाणार, आणि बॅट्समनला पुढं यायचं तर कीपर मागं टपलेला. क्रीज सोडता येत नाही आणि क्रीजमध्ये थांबलं की एलबीडब्ल्यू. जोरात टाकणाऱ्याचा बॉल जरा चुकला तरी स्पीडवर निभावून जातंय, ११० वाल्याला तेवढी सूट नाही. त्याला प्रत्येक बॉलला बरोबर असावं लागतंय. हे पंधरा-सोळा वर्षं करून दाखवणं म्हणजे काय हे ज्यानं कधी उन्हात दहा ओव्हरचा स्पेल टाकलाय त्यालाच कळेल.

२०१९ ला केंटनं त्याला सांगितलं की पुढचा करार नाही. वय ४३. टी-ट्वेंटीसाठी त्याला डर्बीशायरला लोनवर पण पाठवलं. क्लबच्या बाजूनं बघितलं तर चूक म्हणता येत नाही, ४३ वर्षांच्या माणसाला कोण करार देणार. आणि मग सप्टेंबरमध्ये हेडिंग्लेला यॉर्कशायरविरुद्ध केंट ३९ ला ५ असताना हा आणि सॅम बिलिंग्स खेळत होते, आणि दोघांनी मिळून ३४६ ची पार्टनरशिप केली. स्टीव्हन्स २३७, ते पण २२५ बॉलमध्ये. यॉर्कशायरच्या घरात! बरं एवढ्यावर माणूस दमला असेल असं वाटलं तर चौथ्या इनिंगमध्ये २० रन देऊन ५ विकेट, यॉर्कशायर ११७ ला खल्लास, केंट ४३३ रननी जिंकलं. मग करार मिळाला परत. मिळणारच की. पुढच्या वर्षी कोविडमुळं छोटा सीझन झाला, बॉब विलिस ट्रॉफी म्हणून, त्यात त्याच्या २९ विकेट, आणि २०२१ च्या विस्डेननं, म्हणजे क्रिकेटच्या त्या नावाजलेल्या वार्षिक पुस्तकानं, वर्षातल्या पाच क्रिकेटर्समध्ये त्याचं नाव घेतलं. जेसन होल्डर, मोहम्मद रिझवान, क्रॉली, सिबली आणि हा. बाकी चौघंही इंटरनॅशनल.

माझी सगळ्यात आवडती मॅच मात्र मे २०२१ ची, कँटरबरीला ग्लॅमॉर्गनविरुद्ध. केंट १२८ ला ८. दुसऱ्या बाजूला मिग्वेल कमिन्स, वेस्ट इंडिजचा फास्ट बॉलर, बॅटिंग म्हणजे देवाचं नाव. नवव्या विकेटला १६६ ची पार्टनरशिप झाली, त्यात कमिन्सचा वाटा १ रन. एक. स्टीव्हन्सचे १६०. बाकी एक्स्ट्रा. एकूण १४९ बॉलमध्ये १९०, १५ फोर, १५ सिक्स. वय ४५ पूर्ण झालेलं. ओव्हरच्या शेवटी एक काढून स्ट्राइक आपल्याकडं ठेवायची, फील्डर सगळे बाउंड्रीवर, तरी त्यांच्या डोक्यावरून मारायचं, आणि कमिन्सनं पण एक-दोन बॉल कसे इमानदारीनं खेळून काढले बघा, त्याला पण मानलं पाहिजे. माझ्यासारख्या माणसाला हे बघताना रडू यायचं बाकी राहिलं होतं. आणि मग बॉलिंगला येऊन त्याच दिवशी ग्लॅमॉर्गनकडून खेळणारा ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन मार्नस लाबुशेन एलबीडब्ल्यू, ११ वर. त्यावेळी लाबुशेनची टेस्टमधली सरासरी साठच्या घरात. जगातले १४५ वाले त्याला आऊट करता करता घामाघूम होत होते.

इथं मला आपले भाऊसाहेब निंबाळकर आठवतात आणि आठवलेच पाहिजेत. कोल्हापुरात जन्म, कोल्हापुरातच २०१२ ला गेले. डिसेंबर १९४८ ला पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या वर्ल्ड रेकॉर्डला फक्त ९ रन कमी असताना काठेवाडच्या कॅप्टननं मॅचच सोडून दिली, पुढं खेळायलाच आले नाहीत. भारतातल्या कुठल्याही बॅट्समनचा फर्स्ट क्लासमधला सगळ्यात मोठा स्कोअर आजपण तोच आहे. आणि एकही ऑफिशियल टेस्ट नाही. भाऊसाहेब बॉलिंगपण करायचे, ५० च्या वर फर्स्ट क्लास विकेट आहेत त्यांच्या, गरज पडली तर कीपिंगपण. म्हणजे आपल्या मातीत टेस्ट कॅप नसलेला एवढा मोठा माणूस होऊन गेलाय, तरी आपण अजून कुठल्याही खेळाडूबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो "इंडियाकडून खेळलाय काय?" नाही म्हटलं की विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. स्टीव्हन्सला इंग्लंडनं घ्यायला पाहिजे होतं की नाही यावर मी वाद घालणार नाही, त्याचे सगळ्यात चांगले दिवस आले तेव्हा तो सिलेक्टरांच्या हिशेबाबाहेरच्या वयाचा होता हे खरंय. पण पंचवीस वर्षं काउंटीत पगार घेऊन खेळणं, एका क्लबसाठी १८ सीझन, हे काय कमी आहे? ती अख्खी करियर आहे. वेटिंग रूम नाही.

आणि काउंटीची हीच गोष्ट मला भारी वाटते की तिथं असल्या माणसाला जागा आहे. करार असतो, पगार असतो, फिजिओ असतो, हिवाळ्यात काहीतरी कोचिंग-बिचिंग करून एप्रिलला परत यायचं. म्हणून तो तिशीत बॉलर होऊ शकला. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला बावीस-तेवीसपर्यंत महाराष्ट्राच्या टीमनं बोलावलं नाही की घरचे विचारतात, पुढं काय? आणि ते विचारतात त्यात त्यांचं काही चुकत नाही, घर चालवायचं असतंय. पण तिशीत कोण काय झालं असतं हे आपल्याला कधी कळतच नाही. दुसरं म्हणजे स्पीड. नेटमध्ये स्पीडगन आणून ठेवायची फॅशन आलीय आणि १२० च्या खाली आकडा दिसला की कोच म्हणतो बाळा, तू बॅटिंगकडं लक्ष दे. अहो, बॉल कुठं पडतोय, हलतोय का, ते तर बघा आधी.

झहीर खान आठवतोय? २००६ ला वूस्टरशायरला जाऊन ७८ विकेट काढल्या आणि परत आला तो वेगळाच बॉलर होऊन. तोपण श्रीरामपूरचा, आपल्याकडचाच. काउंटी माणसाला रोज टाकायला लावते, त्याचा हा परिणाम.

असो. केंटकडून ट्रॉफ्या पण मिळाल्या गड्याला. २००७ चा ट्वेंटी-ट्वेंटी कप, मग थेट १४ वर्षांनी २०२१ चा टी-ट्वेंटी ब्लास्ट, दोन्ही टीममध्ये हा होता. २०२२ ला जाहीर झालं की हा त्याचा केंटमधला शेवटचा सीझन. वनडे कपच्या सेमीफायनलला हॅम्पशायरनं ३०० च्या वर केले होते, चेस करताना हा ४६ वर्षांचा माणूस नाबाद ८४ मारून जिंकवून आला. फायनल ट्रेंट ब्रिजला, लँकेशायरविरुद्ध, २१ रननी केंट जिंकलं, आणि केंटचा कप घेतलेल्या त्या टीममधली काही पोरं स्टीव्हन्सनं पहिली फर्स्ट क्लास मॅच खेळली तेव्हा जन्मलीपण नव्हती.

ग्लॅमॉर्गनवाल्या १९० चे हायलाइट्स यूट्यूबवर आहेत. सिक्स बघून झाले की बंद करू नका, लाबुशेनच्या विकेटपर्यंत बघा, आणि नेटला येणाऱ्या पोरांना पण दाखवा, खास करून जो हळू टाकतो म्हणून तुमच्या टीमनं त्याला फाइन लेगला उभा करून ठेवलाय त्याला.